पोलीस स्टेशनचा ड्युटी चार्ट आणि जादा तासांचा हिशोब: हजेरी बघणाऱ्यांसाठी एकेक पायरी

दर बदलीच्या सीझनला तेच होतं. कुणीतरी नवीन हवालदार हजेरी मेजर म्हणून, म्हणजे हजेरी आणि ड्युट्या लावायला, बसतो, जुन्या मेजरकडून एक फाटकं रजिस्टर आणि एक पेनड्राईव्ह मिळतो, आणि पंधरा दिवसांत फोन येतो की अहो माणसंच पुरत नाहीत, चार्ट लावू तरी कसा. मी बरीच वर्षं हजेरी सांभाळली, त्यामुळं हा फोन मला पाठ झालाय. माणसं कमी असतात हे खरंच, पण बहुतेक वेळा चार्टही उलट्या बाजूनं लावलेला असतो. आधी बंदोबस्त, मग साहेबांनी उचललेली माणसं, मग पॉइंट म्हणजे ठरलेल्या ड्युटीच्या जागा, आणि उरेल त्यातून सुट्ट्या. उरत काहीच नाही.

दुसरी चूक याहून मोठी. आपल्याकडं शिपायाला तासावर ओव्हरटाईम मिळत नाही म्हणून तास कुणी मोजतच नाही. कंपनीत ओव्हरटाईमचं बिल आलं की मॅनेजरला घाम फुटतो, इथं बिल येत नाही म्हणून सगळे निवांत. पण ते येतं हो, सिक रिपोर्टनं येतं, बदलीच्या अर्जानं येतं, पहाटे तीनला गस्तीच्या बाइकवर डुलक्या घेणाऱ्या बीट मार्शलच्या रूपानं येतं. म्हणून खाली सगळीकडं तास हेच बजेट धरलंय, आणि राहिलेली सुट्टी म्हणजे उधारी.

उदाहरणासाठी एक मध्यम शहरी पोलीस स्टेशन घेतलंय. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका.

## पायरी १: खरा आकडा काढा

मंजूर संख्याबळ हा आकडा भिंतीवरच्या बोर्डसाठी. चार्टसाठी तो विसरा. कागद घ्या आणि वरून खाली वजा करत या. मंजूर १२०. प्रत्यक्ष नेमणुकीला ९८. त्यातले १४ दुसरीकडं जोडलेले, म्हणजे कुणी कंट्रोल रूमला, कुणी वरच्या ऑफिसला, कुणी वाहतुकीला. उरले ८४. लांबच्या आजारपणावर ३, निलंबित २, प्रसूती रजेवर २. उरले ७७. हे ७७ तुमचे. यावरच चार्ट लावायचा.

जोडलेल्या लोकांची वेगळी यादी करा, तारखेसकट, कधीपासून आणि कुणाच्या तोंडी किंवा लेखी आदेशानं. तोंडी आदेशानं गेलेला माणूस दोन वर्षं परत येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण कागदावर तारीख दिसली की साहेबांना वर पत्र टाकायला काहीतरी हातात राहतं.

तपासा: ७७ मध्ये ड्रायव्हर किती, महिला अंमलदार किती, सीसीटीएनएसवर, म्हणजे गुन्हे नोंदवायच्या संगणक प्रणालीवर, सफाईनं एफआयआर टाकू शकणारे किती. हे तीन आकडे वेगळे लिहून ठेवा, पुढं अडायचं ते इथंच अडतं.

## पायरी २: पॉइंट मोजा, माणसांची नावं अजून लिहू नका

नवीन मेजर पहिल्याच दिवशी नावं टाकायला घेतो. थांबा जरा. आधी नुसते पॉइंट. दोन गट करा.

पहिला गट चोवीस तास चालणारे. आमच्या उदाहरणात ठाणे अंमलदार (तक्रार नोंदवून घेणारा) १, त्याचा मदतनीस १, वायरलेस आणि सीसीटीएनएस मिळून १, लॉकअप गार्ड २, डायल ११२ (तातडीच्या मदतीचा नंबर) च्या गाडीवर ड्रायव्हर धरून २, महिला मदत कक्ष १, बीट मार्शल दोन बाइकवर ४. एकूण १२.

दुसरा गट दिवसाचे. क्राईम कारकून, मुद्देमाल, बारनिशी (आवक-जावक), गोपनीय, हजेरी असे ५, कोर्ट पैरवी (कोर्टातल्या केसचा पाठपुरावा) २, समन्स-वॉरंट ३, तपासी अधिकाऱ्यांचे रायटर ४, डीबी (गुन्हे शोध) पथक ६. एकूण २०. यांच्या सुट्टीला सहसा बदली माणूस देत नाहीत, दुसऱ्या दिवशी तेच काम उपसतात, त्यामुळं इथं २० ला २० च धरायचे.

इशारा: ‘साहेबांसोबत’ नावाचा पॉइंट यादीत लिहा. लाजू नका. न लिहिलेला पॉइंट माणूस खातोच, फक्त हिशोबात दिसत नाही.

## पायरी ३: एका पॉइंटला खरोखर किती माणूस लागतो

इथं सगळ्यात जास्त गडबड होते. चोवीस तासांचा पॉइंट, आठ तासांची पाळी, म्हणजे तीन माणसं, असं सांगतात. मग त्या तिघांना सुट्टी कोण देणार?

वर्षाचे ३६५ दिवस घ्या. साप्ताहिक सुट्ट्या ५२ गेल्या, उरले ३१३. किरकोळ रजा २० (२०२२ मध्ये त्या १२ च्या २० झाल्या, बरेच जण अजून जुन्याच हिशोबानं चालतात), उरले २९३. अर्जित रजा ३०, उरले २६३. आजारपण, ट्रेनिंग, स्वतःच्या जुन्या केसमध्ये साक्षीला जाणं याचे १३ धरू. उरले २५०. म्हणजे एक माणूस वर्षात २५० दिवस हातात येतो.

३६५ भागिले २५० म्हणजे १.४६. हा तुमचा गुणक. आठ तासांच्या पाळीत चोवीस तासांच्या एका पॉइंटला ३ गुणिले १.४६, म्हणजे ४.३८ माणसं लागतात. बारा तासांच्या पाळीत २ गुणिले १.४६, म्हणजे २.९२.

लोक म्हणतात एवढ्या रजा मिळतात कुठं. बरोबर, मिळत नाहीत. पण गुणक लावताना रजा धरल्याच नाहीत तर त्या कधी मिळणारही नाहीत, कारण चार्टमध्ये त्यांना जागाच नाही.

## पायरी ४: आठ की बारा, हे भावनेनं ठरवू नका

आता मांडा. १२ पॉइंट गुणिले ४.३८ म्हणजे ५३ माणसं. अधिक दिवसाचे २०. झाले ७३. हातात ७७. बंदोबस्ताला उरले ४. शुक्रवारच्या नमाजाला चार माणसं पुरतील, मोर्चा आला की संपलं. बारा तासांनी लावलं तर ३५ अधिक २० म्हणजे ५५, उरतात २२. म्हणून तर सगळीकडं बारा तास चालतात.

पण मधला रस्ता असतो, तो शोधायला कुणी बसत नाही. सगळे १२ पॉइंट खरंच चोवीस तास लागतात का? बीट मार्शल बघा. बऱ्याच हद्दीत सकाळी आठ ते दुपारी चार मार्शलचं काम कमी आणि ११२ ची गाडी कॉल उचलू शकते. मार्शल दुपारी चार ते सकाळी आठ असे दोनच पाळ्यांत लावले तर चार जागांना १७.५ ऐवजी ११.७ माणसं लागतात. सरळ ६ माणसं वाचली. आता आठ तासांच्या पाळीतही ६७ लागतात आणि १० उरतात. दहा माणसं राखीव, आठ तास ड्युटी, हे जमण्यासारखं आहे.

हद्दीचे कॉल काढून बघितल्याशिवाय पाळी मात्र कापू नका. तीन महिन्यांचे ११२ चे कॉल घ्या, तासवार टिंबं मारा, साध्या वहीत मारली तरी चालतं. बाजारपेठेच्या हद्दीत दुपारचे कॉल जास्त असतात, तिथं हा फॉर्म्युला उलटा पडेल. शाळा-कॉलेज जास्त असतील तर बारा ते दोन मोकळं ठेवून चालणार नाही.

आठ तास होतच नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस स्टेशनला तीन पाळ्या लावून बघितल्या आणि २०१७ पासून शहरात इतरत्र नेल्या, मूळ आराखडा तिथल्याच एका अंमलदाराचा होता. मात्र पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोच्या २०१४ च्या अभ्यासात देशभर आठ तासांसाठी मंजूर संख्येच्या १.६८ पट माणसं लागतील असंही आलं होतं, तेव्हा सगळं फक्त चार्टच्या हुशारीनं होईल असं मी म्हणत नाही. महिला अंमलदारांचं वेगळं आहे, त्यांना आठ तासांचा आदेश जानेवारी २०२२ मध्ये महासंचालक कार्यालयातून निघालाय, त्यामुळं बाकी चार्ट बारा तासांचा असला तरी त्यांच्या पाळ्या आठच्या हिशोबानं लावून जोडाव्या लागतात.

तपासा: हजेरी अर्धा तास आधी आणि चार्ज देण्यात अर्धा तास, असा रोजचा एक तास तुमच्या आठात धरलाय का? २५० दिवसांचे २५० तास होतात, म्हणजे ३१ दिवसांची ड्युटी. पूर्ण महिना! हा तास कुणाच्याच हिशोबात नसतो.

## पायरी ५: सुट्ट्या आधी टाका

आता नावं. पण पॉइंटवर नाही, सुट्टीवर. ७७ माणसं, सात वार, रोज ११ येतात. पण सारखे वाटू नका. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी काम जास्त, म्हणून त्या तीन दिवशी ९-९ टाका, मंगळवारी आणि बुधवारी १३-१३, सोमवारी आणि गुरुवारी १२-१२. बेरीज ७७.

रविवार कुणाला, यावर भांडणं होतात. होणारच, पोरांची शाळा रविवारीच बंद असते. दर तीन महिन्यांनी वार फिरवा आणि फिरवण्याची यादी आधीच भिंतीवर लावा, मग तोंड वाकडं करायलासुद्धा कुणाला जागा राहत नाही.

एका जागेचे दोघं एकाच वारी टाकू नका. कोर्ट पैरवीचे दोघं, मुद्देमालवाला आणि त्याचा बदली, दोन ड्रायव्हर. ही चूक मी स्वतः केलीय. एफआयआर सफाईनं टाकणारी आमच्याकडं तीन पोरं होती, दोघांना मी बुधवार दिला आणि तिसरा त्या दिवशी ट्रेनिंगला. रात्री एक बाई चेन स्नॅचिंगची तक्रार घेऊन आल्या आणि पावणेतीन तास बाकावर बसून राहिल्या, कारण ठाणे अंमलदार एका बोटानं टाईप करत होता आणि मध्येच सिस्टीमनं लॉगआउट केलं. बाई काही बोलल्या नाहीत. शेवटी त्यांच्या मुलानं घरून डब्यात खिचडी आणून दिली, ती त्यांनी तिथंच बसून खाल्ली. तेव्हापासून माझ्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर ‘जोड्या’ नावाची यादी असते.

इशारा: सुट्टी पेन्सिलीनं लिहू नका. पेन्सिलीची सुट्टी खोडली जाते. पेननं लिहा, आणि तोडावीच लागली तर लाल शाईनं रेघ मारून शेजारी परत कधी देणार ती तारीख. तारीख नसेल तर तोडायची नाही, हा नियम साहेबांना सुरुवातीलाच सांगून ठेवा, शांतपणे, गडबडीत नाही.

## पायरी ६: नाईट उतरायचा दिवस म्हणजे सुट्टी नव्हे

माणूस शनिवारी रात्री बाराला चढला, रविवारी सकाळी आठला उतरला, आणि चार्टमध्ये रविवार त्याची साप्ताहिक सुट्टी. सोमवारी सकाळी आठला परत हजर. कागदावर सुट्टी झाली, प्रत्यक्षात तो रविवारी दिवसभर झोपला. बायको म्हणते आज सुट्टी होती ना, आणि त्याच्याकडं उत्तर नसतं. राज्यभर ही चलाखी चालते आणि तिला चलाखी म्हणायलाही कुणी तयार नाही.

बरोबर पद्धत अशी. रविवारी सकाळी उतरला, सोमवार पूर्ण सुट्टी, मंगळवारी दुपारच्या चारच्या पाळीला हजर. यासाठी नाईटवाल्यांचा वार त्यांच्या उतरायच्या दिवसाच्या पुढचा लावावा लागतो, एवढंच करायचंय.

पाळ्या पुढच्या दिशेनं फिरवा, सकाळ, दुपार, मग रात्र. उलटं फिरवलं की दुपारच्या पाळीतून रात्री बाराला सुटलेला सकाळी आठला हजेरीत उभा. दोन ड्युट्यांमध्ये १२ तास हवेत, कितीही ओढाताण झाली तरी १० च्या खाली मी जाऊ देत नव्हतो. नाईट उतरलेल्या माणसाला त्याच दिवशी संध्याकाळच्या सभेच्या बंदोबस्ताला पाठवणं हा तर गुन्हाच समजा, विशेषतः तो ड्रायव्हर असेल तर.

## पायरी ७: रजा

यावर जास्त लिहीत नाही. महिन्याच्या २० तारखेपर्यंत पुढच्या महिन्याचे अर्ज घ्या, एका वेळी अर्जित रजेवर जास्तीत जास्त किती जण ते ठरवा आणि भिंतीवर लावा. कोकणातली पोरं गणपतीला मागतात, पंढरपूरकडची आषाढीला, आणि नेमकं तेव्हाच रजा बंद असतात. त्यांना गौरी-गणपतीला नाही देता आली तर मे महिन्यात पहिला नंबर त्यांचा, हे आधीच ठरवून टाका.

इशारा: साहेब जिन्यात ‘जा रे’ म्हणाले म्हणजे रजा मंजूर झाली असं नाही. रजा रजिस्टरला चढली तरच.

## पायरी ८: जादा तासांचं खातं

हा सगळा लेख खरं तर या पायरीसाठी लिहिलाय. एक मोठी वही किंवा एक्सेल. प्रत्येक माणसाचं एक पान, वर बक्कल नंबर, म्हणजे त्याचा पोलीस नंबर. रकाने सहाच: तारीख, पाळी, हजर वेळ, सुटल्याची वेळ, जादा तास, कारण. एक ओळ अशी दिसते. बुधवार, दुसरी पाळी, हजर १५:३०, सुटला ०२:१०, एकूण १० तास ४० मिनिटं, चार्टचे ८, जादा २ तास ४० मिनिटं, कारण ‘ब’.

कारणांना एकेक अक्षर द्या नाहीतर कुणी लिहिणार नाही. बं म्हणजे बंदोबस्त, आ म्हणजे आरोपी, मग तो कोर्टात न्यायचा असो की हॉस्पिटलात बसायचं असो. त म्हणजे तपास, को म्हणजे साक्ष, ब म्हणजे बदली माणूस वेळेत आला नाही, आणि व्ही म्हणजे व्हीआयपी.

नोंद सुटतानाच करायची. शनिवारी आठवून लिहिलेले तास सगळे गोल आकड्यात येतात, चार, सहा, आठ, आणि मग साहेबांना एक नजर टाकली तरी कळतं की पोरांनी अंदाजपंचे लिहिलंय. वही ठाणे अंमलदाराच्या टेबलवर, स्टेशन डायरीच्या शेजारी ठेवा. सुटणारा माणूस तिथूनच जातो.

महिनाभर लिहून झालं की अक्षरांप्रमाणे बेरीज करा. मला वाटायचं आमचे जादा तास बंदोबस्तानं जातात. पहिल्या महिन्याची बेरीज केली तर ‘आ’ आणि ‘ब’ मिळून बंदोबस्ताच्या वर. एक आरोपी दवाखान्यात नऊ दिवस ॲडमिट होता, चोवीस तास दोन माणसं त्याच्या खाटेशी, आणि मुख्यालयाकडं गार्ड मागायचं पत्र कुणी टाकलंच नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटलं उद्या डिस्चार्ज होईल. त्यानंतर नियम केला: आरोपी दुसऱ्या रात्री दवाखान्यात राहिला की तिसऱ्या सकाळी मुख्यालयाला गार्डसाठी पत्र, डॉक्टर काहीही म्हणोत. ‘ब’ साठी तर काही खर्चच नाही, उशिरा येणारे तेच तेच चार जण असतात. नावासकट आकडा हजेरीत वाचला की आठवड्यात फरक पडतो.

परतफेडीचा नियम सोपा ठेवा. ८ जादा तास म्हणजे एक बदली सुट्टी. सहा आठवड्यांत द्यायची, मोठ्या सणानंतर जास्तीत जास्त तीन महिने. आणि हे नीट समजून घ्या, ही बदली सुट्टीची पद्धत तुमच्या पोलीस स्टेशनपुरती अंतर्गत सोय आहे, प्रभारी अधिकाऱ्यांची सही घेऊनच सुरू करा, म्हणजे उद्या कुणी हक्क म्हणून वर अर्ज केला किंवा दुसऱ्या कुणी त्याला गैरहजेरी म्हटलं तर दोन्हीकडून तुमचीच मान अडकणार नाही.

तपासा: कुणाच्याही पानावर उधारी ४० तासांच्या वर गेली का? गेली असेल तर त्या माणसाला पुढच्या बंदोबस्ताला नाव टाकायचं नाही. तो चांगला आहे, नाही म्हणत नाही, म्हणून त्यालाच पाठवलं जातं, आणि सगळ्यात आधी तोच आजारी पडतो.

## पायरी ९: वर्षाचा अंदाज जानेवारीतच

गणपती येणार, नवरात्र येणार, शिवजयंती, १४ एप्रिल, दहीहंडी, ईद, ३१ डिसेंबर, सगळं कॅलेंडरवर छापलेलं असतं. तरी दरवर्षी आपल्याला अचानक आल्यासारखं वाटतं.

उदाहरण करून दाखवतो. गणपतीचे दहा दिवस, ६० माणसं रोज सरासरी ३ तास जादा, म्हणजे १८०० तास. विसर्जनाचा शेवटचा दिवस, ७० माणसं १२ तास जादा, ८४० तास. एकूण २६४०. आठनं भागा, ३३० बदली सुट्ट्या. ७७ माणसांत माणशी चारच्या वर. ही तुमची गणपतीची उधारी, आणि ती गणपती बसायच्या आधीच माहीत आहे.

फेडायची कधी? अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष लागतो. पंधरा दिवस ना मिरवणूक, ना लग्न, ना उद्घाटन, पुढारीसुद्धा मुहूर्त नाही म्हणून घरी बसतात. हजेरी मेजरसाठी वर्षातला सगळ्यात चांगला पंधरवडा हाच. रोज ८ बदली सुट्ट्या द्या, १२० फिटतात. हे जमवायला त्या पंधरवड्यात अर्जित रजा हात राखून द्याव्या लागतील. उरलेल्या २१०, दिवाळी संपल्यावर रोज ५ प्रमाणे साधारण सहा आठवड्यांत. मुंबईत दादरकडच्या पट्ट्यात असाल तर ६ डिसेंबरच्या चार दिवस आधीपासून यादी रिकामी ठेवा. निवडणूक लागली तर हे सगळं कोलमडतं, ते मान्य, पण आकडा लिहिलेला असेल तर निदान किती थकलंय ते तरी कळतं.

बहुतेक ठिकाणी काय करतात माहितीये? विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सरसकट सगळ्यांना अर्धा दिवस सूट देतात, पेढे वाटतात आणि हिशोब मिटला म्हणतात.

## पायरी १०: जिथं पैसा खरोखर लागतो

चार गोष्टी, थोडक्यात.

साप्ताहिक सुट्टीला कामावर थांबवल्याचा भत्ता. याचं बिल अडकतं ते एकाच कारणानं, चार्टमध्ये सुट्टी, स्टेशन डायरीत नोंद नाही. बिल काढायच्या आधी तीन कागद शेजारी ठेवा: चार्ट, डायरी, बिल. तिन्हीत बक्कल नंबर आणि तारीख जुळली पाहिजे. एका माणसाचं चुकलं तरी सगळ्यांचं बिल आक्षेप लागून परत येतं. आणि भत्ता घेतलेल्या दिवसाची बदली सुट्टी परत मांडू नका, एकाच दिवसाचं दोनदा होतं.

सशुल्क बंदोबस्त. खासगी कार्यक्रमाला पैसे भरून पोलीस मागितले जातात, तिथं रक्कम भरल्याची पावती हातात आल्याशिवाय नावं टाकू नका. पैसे नंतर भरतो म्हणणारे नंतर सापडत नाहीत. रक्कम सरकारी खात्यात जाते, पोलीस स्टेशनला त्यातलं काही येत नाही, पण तिथं गेलेल्या माणसाचे तास मात्र तुमच्याच खात्यातून गेले, ते वहीत ‘बं’ खाली चढवा.

होमगार्ड. त्यांचं मानधन दिवसावर आहे आणि मंजूर संख्येपुरतंच मिळतं, म्हणून मागणी लेखी आणि वेळेत. कुठल्या पॉइंटवर, किती वाजता, किती दिवस हे लिहून मागा. ‘गणपतीसाठी ३०’ असं मागितलं की १२ मिळतात, पॉइंटची यादी जोडली की आकडा बराच वर जातो. होमगार्ड एकट्याला महत्त्वाच्या पॉइंटवर उभं करू नका, सोबत आपला एक हवा.

आणि आरोपीला ने-आण करणाऱ्या पार्टीची प्रवास बिलं त्या त्या महिन्यात काढा. मार्चमध्ये सगळी एकदम नेली तर अनुदान संपलंय हेच ऐकायला मिळतं.

## पायरी ११: चार्ट बाहेर काढणं

रात्री साडेनऊला व्हॉट्सॲप ग्रुपवर चार्टचा फोटो, सव्वाअकराला दुसरा, बाराला तिसरा. सकाळी एक जण पहिला बघून आलेला, दुसरा तिसरा बघून घरी झोपलेला. फोटोवर वरच्या कोपऱ्यात वेळ आणि ‘चार्ट १’, ‘चार्ट २’ असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि बदल ज्याचा झालाय त्याला फोन करा. ग्रुपवर ‘सर्वांनी नोंद घ्यावी’ टाकलं म्हणजे नोंद घेतली जात नाही. रात्री आठनंतर फक्त अत्यावश्यक बदल, आणि ते अत्यावश्यक आहे हे कुणी ठरवलं त्याचं नाव चार्टखाली.

## पायरी १२: महिन्याचा एक कागद आणि चार्ज देताना

दर महिन्याच्या पाच तारखेला साहेबांच्या टेबलावर एकच पान. हजर माणसं किती. पॉइंटसाठी लागणारी किती. जादा तास एकूण किती आणि कारणांप्रमाणे किती. तोडलेल्या सुट्ट्या किती, त्यातल्या परत दिल्या किती. बाकी उधारी किती. दुसरं पान जोडू नका, वाचलं जात नाही. क्राईम मीटिंगला साहेब जेव्हा माणसं मागतात तेव्हा ‘स्टाफ कमी आहे’ हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो. ‘गेल्या महिन्यात १४०० जादा तास, त्यातले ४३२ एका हॉस्पिटल गार्डचे’ असं म्हणणारा एखादाच असतो, आणि लिहून घेतलं जातं ते त्याचंच.

आणि शेवटचं, तुमची बदली झाली की चार्ज देताना वही द्या, पेनड्राईव्ह नव्हे. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘आजअखेर बाकी इतके तास’ लिहा, त्याखाली तुमची सही, नवीन मेजरची सही, आणि ज्याचं पान आहे त्याचीही. ७७ सह्या घ्यायला दोन दिवस जातात, पोरं नाईटला असतात, कुणी सुट्टीवर असतो. तरी घ्या. एकदा मी तीन पानं सह्या न घेता सोडली होती, आणि आठ महिन्यांनी त्यातल्या एकाचा फोन आला, ‘मेजर, माझे चार दिवस बाकी होते ना, नवीन मेजर म्हणतात वहीत काही नाही.’ बाकी होते. मला आठवत होतं, वहीत नव्हतं.